अण्णांची गाडी आणि वाट पाहण्याचं राजकारण

गेल्या महिन्यात मुरबाडला कार्यकर्त्यांचं एकदिवसीय शिबिर होतं. सकाळच्या सत्रात मी कातकरी वाड्यांमधल्या कुपोषणावर बोललो. जेवणाच्या सुट्टीत एका तरुण कार्यकर्त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "सर, तुम्ही कुपोषणावर बोलता आणि तुमच्या घरी स्पोर्ट्स कार येणार आहे म्हणे. खरं का?"

मी म्हणालो, "येणार आहे, असं मीही साडेतीन वर्षं ऐकतोय."

हशा पिकला, विषय संपला. पण प्रश्न संपला नव्हता. मी तो हसण्यावारी नेला, कारण माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. त्या मित्राला द्यायचं राहून गेलेलं उत्तर म्हणजे हा लेख. यात माझी फजितीही आहे. तीही सांगतो, म्हणजे आपली इतर पोरं त्याच खड्ड्यात पडणार नाहीत.

गाडी कोणाची?

आधी एक गैरसमज दूर करतो. गाडी माझी नाही. मी अजून सेकंडहँड स्प्लेंडरवर शहापूर-मुरबाड करतो. गाडी माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं त्यांनी लाल गाडी चालवली. मुरबाडवरून माळशेज घाट चढले, पावसाळ्यात दरडीखालून गाडी काढली, शहापूरहून डोळखांबच्या रस्त्याने मुक्कामी गाड्या नेल्या. त्यांच्या खाती एकही मोठा अपघात नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मुंबई-नाशिक महामार्गावर आसनगावजवळ त्यांच्या बसला एक गाडी ओव्हरटेक करून गेली. अण्णांनी केलेलं तिचं वर्णन आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. बिनटपाची, दोनच माणसांची, पुढे लांबलचक नाक, चाकं अंगाबाहेर आलेली, आणि इतकी बुटकी की ड्रायव्हरने हात खाली सोडला तर रस्त्याला लागावा. अण्णांनी नकळत बसचा वेग वाढवला. मागून कंडक्टर ओरडला, "अहो, स्टॉप गेला!" तीस वर्षांत अण्णांचा चुकलेला तो एकच स्टॉप, असं ते सांगतात.

त्या गाडीचं नाव त्यांना माहीत नव्हतं. मी पुढे शोधलं. १९५७ साली इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची गाडी काढली. वजन जेमतेम ५०० किलोच्या आसपास. ती सुट्या भागांत विकली जायची आणि गिऱ्हाईक घरीच जोडायचं. कारण तिथे तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर तो लागत नसे. १९७३ मध्ये लोटसने तिचे हक्क केटरहॅम कंपनीला दिले. पण तोपर्यंत जगभरच्या मिस्त्र्यांनी तिची नक्कल सुरू केली होती. आपल्या महाराष्ट्रातही झाली. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्स या छोट्या कारखान्याने त्याच घाटाची 'रोडस्टर' हाताने बांधली, आत इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन घालून. अण्णांना दिसलेली गाडी तीच होती की आणखी कुठली, ते सांगता येणार नाही. पण फोटो दाखवला तेव्हा ते म्हणाले, "हीच. नाक बघ हिचं."

एका लोहाराची जीप

डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून एक छोटी जीप बनवली होती. खर्च साठ हजारांच्या घरात, आणि मोटारसायकलसारखी किक मारून चालू होणारी. आनंद महिंद्रा यांनी ती पाहून जाहीरपणे कौतुक केलं. नियमात बसत नसल्याने ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल, असंही लिहिलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती बोलेरो मिळाली.

आमच्या घरात या व्हिडिओने आग लावली. माझा धाकटा भाऊ आयटीआय झालेला वेल्डर, मुरबाड एमआयडीसीत कामाला. तो म्हणाला, "अण्णा, असं होऊ शकतं. तुमची ती नाकवाली आपण करून घेऊ." भावाला वेल्डिंग येतं, पण गाडी बांधणं येत नाही. म्हणून कल्याणच्या बाजूला एक मिस्त्री शोधला. फार्महाउसवाल्यांच्या जुन्या जीप नव्या करून देण्यात त्याचं नाव होतं. त्याने हिशोब मांडला: भंगारातली मारुती ओम्नी घ्यायची, कारण तिचं ७९६ सीसीचं इंजिन उभं बसतं आणि मागची चाकं ओढतं. सेव्हनच्या घाटाला हेच लागतं. एक इंची चौकोनी पाइपाचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, नाक आणि मडगार्ड फायबरचे. एकूण साडेचार लाख. निम्मे आगाऊ.

अण्णांनी कर्ज काढायला नकार दिला. निवृत्तीच्या पैशातून सव्वादोन लाख बाजूला काढले. आगाऊ रक्कम द्यायचा दिवसही त्यांनीच ठरवला: १४ एप्रिल २०२२. मिस्त्रीने रक्कम मोजून घेतली आणि म्हणाला, "काका, अशोक विजयादशमीला गाडी तुमच्या दारात."

कोणत्या वर्षीची विजयादशमी, ते विचारायचं राहिलं.

साडेतीन वर्षं

पहिल्या विजयादशमीला फक्त सांगाडा झाला होता. मग साच्याचं काम अडलं. मग पाऊस लागला, आणि दमट हवेत फायबरचं राळ नीट आवळत नाही. हे खरंही आहे. मग कारागीर गावी गेले. मग स्टिअरिंगचा रॅक मिळेना. मग मिस्त्रीच्या मुलीचं लग्न. मग एका बिल्डरच्या सहा जीप आल्या, त्यांचं काम आधी. हे शेवटचं कारण मिस्त्रीने स्वतः सांगितलं नाही. भावाने डोळ्यांनी पाहिलं. आमचा सांगाडा शेडच्या मागे ताडपत्रीखाली ढकलला होता आणि पुढे जीपची रांग होती.

त्या दिवशी माझ्यातला समाजशास्त्राचा विद्यार्थी जागा झाला. एम.ए.ला असताना बॅरी श्वार्ट्झ नावाच्या अमेरिकन अभ्यासकाचं १९७५ सालचं लेखन वाचलं होतं. त्याचा मुद्दा साधा आहे: समाजात वाट पाहणं सारखं वाटलेलं नसतं. ज्याच्या हाती सत्ता, त्याचा वेळ मौल्यवान. ज्याच्या हाती काही नाही, त्याचा वेळ फुकट. हावियेर आउएरो यांनी २०१२ मध्ये ब्यूनस आयर्सच्या सरकारी कचेऱ्यांमधल्या गरिबांवर पुस्तक लिहिलं. गरिबाला पुन्हा पुन्हा थांबवलं की तो हळूहळू नागरिक उरत नाही, मुकाट थांबणारा होतो, असं ते दाखवतात.

आपल्याला हे कळायला ब्यूनस आयर्सला जायची गरज नाही. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया हंडे मांडून टँकरची वाट बघतात. मुरबाडकरांच्या किती पिढ्या रेल्वेची वाट बघत म्हाताऱ्या झाल्या. रोज हेच बघणारा मी, मिस्त्रीच्या शेडमध्ये मात्र हात बांधून उभा होतो. "बघा ना, जमलं तर," असं म्हणत होतो. रोज दुसऱ्यांना "अर्जाची पोच घ्या, तारीख लिहून घ्या" असं सांगणारा कार्यकर्ता सव्वादोन लाखांची साधी पावतीही न घेता आला होता! ही माझी पहिली फजिती.

मसूरचं स्टेशन

वाट पाहणं म्हटलं की आपल्यापैकी कोणाच्याही मनात एकच पुस्तक येतं. बाबासाहेबांच्या आठवणींचं नावच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. त्यातली पहिली आठवण गाडीचीच आहे. १९०१ साल. लहानगा भीमराव आणि सोबतची मुलं वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आलं नव्हतं. जात कळल्यावर स्टेशनमास्तर आपल्या खोलीत निघून गेला. स्टेशनबाहेर बैलगाड्या होत्या, पण दुप्पट भाडं देऊनही कोणी न्यायला तयार होईना. शेवटी तोड निघाली: भाडं दुप्पट, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान सोबत चालणार. वाटेत रात्रभर पाणी मिळालं नाही.

आणखी एक आठवण १९२९ सालची, चाळीसगावची. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य म्हणून आले होते. टांगेवाल्याने टांगा दिला, पण हाकायला नकार दिला. आपल्याच वस्तीतल्या एका माणसाने लगाम हाती घेतला, त्याला सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

दोन्ही प्रसंगांत वाहन हजर होतं, पैसे हजर होते. नव्हता तो हक्क. पैसा मोजूनही ज्याला वाहन मिळत नाही, त्याची वाट पाहणं आणि मुंबईच्या श्रीमंताने परदेशी गाडी बुक करून दोन वर्षं वाट पाहणं, या दोन्हींना भाषा एकच शब्द वापरते. समाजशास्त्राने तरी तो वापरू नये. एक लादलेली वाट, दुसरी निवडलेली.

माझे आजोबा गावात शिरताना बैलगाडीतून उतरून चालायचे. गाडी त्यांची स्वतःची नव्हतीच, पण दुसऱ्याच्या गाडीतही पाटलाच्या ओट्यासमोरून बसून जायची सोय नव्हती. त्यांच्या मुलाने एसटीच्या ड्रायव्हरची सीट मिळवली, आणि त्याच पाटलाची नातवंडं मागच्या बाकावर बसून तालुक्याला गेली. हा बदल लहान नाही. पण अण्णा एकदा म्हणाले ते ऐका. मी वैतागून त्यांना म्हणत होतो, "अण्णा, सोडून देऊ. पैसे मागून घेऊ." ते म्हणाले, "अरे, मी आयुष्यभर थांबलोच आहे. डबल बेल झाल्याशिवाय गाडी हलवली नाही. ड्यूटी लागायची वाट बघितली, बढतीची बघितली. ते सगळं दुसऱ्याने थांबवलं म्हणून. ही पहिली गोष्ट, जिची वाट मी माझ्या मर्जीने बघतोय. ती का सोडू?"

मित्रा, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे.

आपण काय इच्छावं, हे कोण ठरवणार?

तुझा आक्षेप मला समजतो. चळवळीतल्या माणसाने साधं राहावं, असं आपल्यालाही वाटतं. पण साधेपणा निवडलेला असेल तर गुण, लादलेला असेल तर शिक्षा. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने शूद्राला धनसंचय नाकारला आणि चांडाळाला मेलेल्यांचे कपडे व लोखंडाचे दागिने नेमून दिले. महाडला १९२७ साली ते पुस्तक जळलं. त्याच महाडमध्ये बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना लुगडं नेसण्याची पद्धत बदला, जात दाखवणारे दागिने टाकून द्या, असं सांगितलं. अंगावर काय घालावं हा प्रश्न त्यांनी किरकोळ मानला नाही. घोड्यावर बसलेल्या आपल्या नवरदेवाला आजही या देशात खाली ओढलं जातं, ते घोडा महाग आहे म्हणून नव्हे.

पण इथे थांबलो तर अर्धसत्य होईल. शेजाऱ्याला दाखवायला डोक्यावर कर्ज करून घेतलेली गाडी ही मुक्ती नव्हे. बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली आहेत. कष्टाने, धर्माने मिळवलेलं आपल्यापाशी असणं हे अत्थिसुख. त्याचा उपभोग घेणं आणि त्यातून सत्कर्म करणं हे भोगसुख. कोणाचं देणं नसणं हे अनणसुख. आणि काया-वाचा-मनाने निर्दोष असणं हे अनवज्जसुख. चौथं सुख सगळ्यांत मोठं, बाकीची त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. बुद्धांनी गृहस्थाला भोग नाकारला नाही, त्याला क्रम लावून दिला.

अण्णांच्या गाडीला मी हीच फूटपट्टी लावली. पैसा कष्टाचा, कर्ज नाही. पहिली तीन सुखं जागच्या जागी. चौथ्यापाशी आम्ही अडखळलो.

दुसऱ्याच्या नावाचं पुस्तक

गाडी पासिंग कशी होणार, हा प्रश्न साडेतीन वर्षांत आम्ही एकदाही विचारला नव्हता. ही माझी दुसरी फजिती. शेवटी विचारला तेव्हा मिस्त्री हसला. "त्यात काय, त्या ओम्नीचं आरसी बुक आहे ना! इंजिन नंबर तोच. चेसिसचा नंबर ठोकून देऊ. कोण बघतंय?"

मी घरी येऊन कायदा काढून बसलो. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२: निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. आणि आमची तर बदललेली ओम्नीही नव्हती, सांगाडाच नवा होता. नवी गाडी रस्त्यावर आणायची तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे तिचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्याला तो खर्च परवडतो. आयुष्यात एकच गाडी बांधून घेणाऱ्या निवृत्त ड्रायव्हरला नाही.

मग वाटलं, व्हिंटेजमध्ये बसेल का? जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी खास नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी, नंबरात 'व्हीए' ही खास अक्षरं, नोंदणी फी २० हजार. पण ते मूळ गाडीसाठी. नक्कल तिथे चालत नाही.

मला हसू आलं. गाड्यांनाही जन्मदाखला लागतो तर! अस्सल कुळातली असेल तर म्हातारपणी मान, आणि कारागिराच्या हातची असेल तर रस्त्यावर पाय ठेवायचा नाही. पण लगेच स्वतःला आवरलं. प्रत्येक गोष्टीत जात शोधून मोकळं होणं सोपं असतं. ब्रेक न तपासलेली, धडक सोसेल की नाही माहीत नसलेली गाडी रस्त्यावर सोडली तर मरणारा कोण? रस्त्याकडेने चालणारा आपलाच माणूस. तपासणी हवीच. माझं म्हणणं वेगळं आहे: तपासणीची वाट लहान माणसालाही असावी. ब्रिटनमध्ये एकट्याने घरी बांधलेल्या एका गाडीलाही तपासून रस्त्यावर येण्याची परवानगी देण्याची स्वतंत्र व्यवस्था आहे. तिथे रॉन चँपियन नावाच्या एका शाळामास्तराने विद्यार्थ्यांना हाताशी धरून सेव्हनच्या घाटाच्या गाड्या बांधल्या आणि १९९६ मध्ये, अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधावी, यावर पुस्तकच लिहिलं. ते वाचून जगभर कित्येकांनी घरच्या गॅरेजात गाड्या बांधल्या. आपल्याकडे दत्तात्रय लोहारांच्या हातची जीप संग्रहात जाते आणि रस्त्यावर धावायला त्यांना कारखान्याची गाडी मिळते. देणाऱ्याच्या मनात कौतुकच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण हाताने घडवणाऱ्याच्या ज्ञानाला या देशात टाळी मिळते, परवाना मिळत नाही. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असं बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडलं होतं. हात आणि डोकं वेगळं करणारी ती भिंत आपल्या कायद्यांच्या सवयींतही शिल्लक आहे.

आता आरसी बुकाचं. भाऊ म्हणाला, "दादा, सगळेच करतात." खोटं कशाला बोलू, मीही क्षणभर गप्प बसलो. साडेतीन वर्षं झाली होती. अण्णा सत्तरीकडे चालले होते.

अण्णांनीच विचारलं, "म्हणजे दुसऱ्या गाडीचं नाव हिला लावायचं?"

मला बडोदा आठवलं. नोकरीसाठी गेलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना, तेव्हा पारशी धर्मशाळेत त्यांना पारशी नावाने राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. दुसऱ्याच्या नावावर मिळालेलं छप्पर किती दिवस टिकतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. शिवाय आपणच बोगस जातप्रमाणपत्रांविरुद्ध मोर्चे काढतो. आपल्या हक्काची जागा खोट्या कागदावर लाटणाऱ्याला शिव्या घालायच्या आणि आपल्या दारात खोट्या पुस्तकाची गाडी उभी करायची? बाबासाहेबांना पर्याय नव्हता. आम्हाला होता.

"तीस वर्षांत लायसनवर एक डाग नाही," अण्णा म्हणाले. "आता लावायचा नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पण कागद आधी बघायचा होता. तू एम.ए. झालास ना?"

वाट आता कोणाच्या हातात?

दिवाळीनंतर आम्ही मिस्त्रीशी हिशोब मिटवला. या वेळी सगळं लिहून घेतलं. झालेल्या कामाचे पैसे कापून थोडी रक्कम परत आली. सांगाडा, इंजिन, मागचा ॲक्सल आणि फायबरचं अर्धवट नाक छोट्या टेम्पोत घालून घरी आणलं. घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे ठेवलं. भाऊ दर रविवारी त्यावर काम करतो. त्याच्याबरोबर आयटीआयची तीन पोरं येतात. एक आपल्या वस्तीतला, एक ठाकूरवाडीतला, एक कुणब्याचा. मिस्त्रीने केलेले काही जोड भावाने कापून पुन्हा वेल्ड केले. ते बघून मला घाम फुटला. याच जोडांवर आम्ही अण्णांना महामार्गावर सोडणार होतो!

ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर जाणार नाही. खाडाखोड नाही, खोटा नंबर नाही. आमच्या शेताचा एक सपाट तुकडा आहे, भात काढल्यावर मोकळा असतो. अण्णा तिथे चालवतील. कोणी म्हणेल, मग एवढा खटाटोप कशाला? मीही हे विचारलं होतं. अण्णा म्हणाले, "रस्त्यावर तीस वर्षं काढली. रस्ता मला नवा नाही. ती सीट नवी आहे."

तर शिबिरातल्या त्या मित्रा, माझं उत्तर असं. कुपोषणावर बोलणं आणि म्हाताऱ्या बापाची हौस यांत मी एकाची निवड करणार नाही. ज्या वाडीतल्या पोराच्या ताटात आज अंडं नाही, त्या पोराने उद्या स्पोर्ट्स कारचं स्वप्न बघितलं, तर मला आपलं काम पूर्ण झाल्यासारखं वाटेल. फक्त पोट भरण्यापुरती माणुसकी मागायला आपण चवदार तळ्यावर गेलो नव्हतो. पण स्वप्न बघताना तीन गोष्टी कर. मी केल्या नाहीत म्हणून सांगतो. पैसे देण्याआधी कागद वाच. तारीख आणि पावती लिहून घे, समोरचा कितीही गोड बोलला तरी. आणि शक्य असेल तिथे घडवणारा हात आपला असू दे. पैसे मोजून दुसऱ्याच्या दारात थांबणारा शेवटी थांबणाराच राहतो.

आणि एक मागणी आपण सगळे मिळून करू शकतो. आयटीआयमधल्या, गावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातल्या पोरांनी बांधलेलं एकटं वाहन परवडेल अशा फीमध्ये तपासून घेण्याची सोय सरकारने करावी. सूट नको. कसोटी कडक असू दे, पण कसोटीला बसण्याचा हक्क हवा. मसूरच्या त्या मुलांनीही गाडी फुकट मागितली नव्हती.

गेल्या रविवारी पहिल्यांदा सांगाड्यावर सीट बसवली. स्टिअरिंग अजून मोकळंच आहे. चाकं आहेत, पण इंजिन जोडलेलं नाही. अण्णा हळूच आत उतरले. गुडघे दुखतात, वेळ लागला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, समोर बघितलं आणि तसेच बसून राहिले. बराच वेळ. आम्ही कोणी बोललो नाही.

तेव्हा भावाची सहा वर्षांची पोरगी मागून सांगाड्यावर पान्ह्याने दोनदा वाजवून ओरडली, "आजोबा, डबल बेल!"

अण्णा हसले. म्हणाले, "थांब गं. आता बेल मी देणार."

जय भीम.